धाकटं कोण

मुलांना भांडण मिटवायला शिकवणाऱ्या अंजनाला स्वतःला भांडणाची फार भीती वाटायची. शिक्षकांच्या खोलीत कुणाचा आवाज चढला की ती वह्या उचलून बाहेर पडायची. जुन्नरच्या जुन्या पेठेतल्या ज्या गल्लीत ती वाढली, तिथं भिंतीला भिंत लागून घरं होती. घरात बोलणं वाढायला लागलं की तिची आई आधी खिडकी लावून घ्यायची आणि मग रडायची. भांडण म्हणजे बाहेर ऐकू जाता कामा नये अशी गोष्ट, एवढंच ती तिथं शिकली होती.

बी.ए. जुन्नरलाच झालं. लग्न होऊन ती मंचरला आली. नवरा बियाण्यांच्या दुकानात कामाला. आरती झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा कुठं अंजनानं बी.एड. केलं आणि मंचरच्या पुढं, घोड नदीच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या शाळेत तिला नोकरी लागली. तीही तात्पुरती. दर वर्षी मे महिन्यात नेमणूक संपायची आणि जूनमध्ये नवी हातात पडेपर्यंत घरात तेवढा एकच विषय असायचा.

"हौशीरामभाऊंना भेटून ये," नवरा म्हणायचा. हौशीरामभाऊ म्हणजे शाळा समितीचे चेअरमन, गावातले मोठे बागायतदार. "त्यांच्या मनात आलं तर कायम करतील. नाही आलं तर जूनमध्ये तुझ्या जागी दुसरी बाई उभी असेल."

आरती तिथंच जेवत असायची. तिचं लक्ष ताटात आहे असं दोघांनाही वाटायचं.

आरतीला अंजनानं पाचवीपासून आपल्याच शाळेत घातलं होतं. मंचरला शाळा होत्या, पण हायवे ओलांडावा लागायचा आणि कांद्याबटाट्याचे ट्रक दिवसभर चालू. पोरगी डोळ्यांसमोर राहिलेली बरी. सकाळी दोघी एकाच जीपनं जायच्या. शाळेच्या फाटकापर्यंत 'आई' आणि फाटकाच्या आत 'बाई', हा नियम आरतीनं स्वतःच केला होता.

दोन हजार चारच्या जूनमध्ये जुन्नरला शिक्षकांचं एक शिबिर झालं. पुण्याच्या एका संस्थेतून आलेल्या बाईंनी सांगितलं, की पाचवी ते सातवीच्या मुलांची भांडणं मोठ्यांनी सोडवायची नाहीत, ती सोडवायला त्यांच्यातल्याच मुलांना शिकवायचं. दोन मुलं मध्यस्थ. भांडणाऱ्यांपैकी एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. मग त्या दुसऱ्यानं पहिल्याचं म्हणणं आपल्या तोंडानं परत सांगायचं. मध्यस्थांनी निकाल द्यायचा नाही. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही आणि मिटलेलं पुन्हा उकरायचं नाही. आणि मोठ्या माणसानं तिकडं फिरकायचंसुद्धा नाही, कारण मोठा दिसला की मुलं त्याच्या तोंडाकडे बघून बोलतात.

अंजनाला हे फार आवडलं. ना आरडाओरडा, ना छडी. परत येताना एस.टी.त तिनं कुठं बसवायचं, कुणाला निवडायचं, ते सगळं मनात ठरवून टाकलं.

शाळेच्या मागं पाण्याची सिमेंटची टाकी होती आणि टाकीशेजारी करंजाचं झाड. त्या झाडाखाली तिनं सातवीच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. मध्यस्थ म्हणून संपत नावाचा एक शहाणा मुलगा घेतला आणि दुसरी आरती. स्वतःच्या मुलीला निवडताना तिला जरा संकोच वाटला, पण आरती खरंच शांत होती, कुणाशी वाकड्यात नव्हती.

पहिल्या दिवशी तिनं दोन मुलं समोर बसवली. "समज, यानं तुझा पेन घेतलाय."

"घेतलाच हाय की, बाई. समज कशाला?"

"कवा घेतला रं? तूच म्हनला वापर म्हनून!"

"एक दिस वापर म्हनलो, बाई. ह्यो म्हैनाभर वापरतोय. रिफील संपली तवा परत देतोय!"

मुलं खदाखदा हसली. अंजनाही हसली. तिनं पहिल्याला थांबवलं आणि दुसऱ्याला त्याचं म्हणणं परत सांगायला लावलं. त्यानं मान खाली घालून सांगितलं, की याला वाईट वाटलं कारण पेन मामानं दिला होता. मामाचं तर आतापर्यंत कुणी बोललंच नव्हतं, ते मुलाच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. त्या दिवशी जीपमध्ये अंजना आरतीला म्हणाली, "बघितलंस? नुसतं ऐकलं तरी निम्मं भांडण जातं."

मुलांनी त्याला नाव ठेवलं 'मिटवायला बसणं'. जुलैपासून मधल्या सुट्टीत करंजाखाली रोज कुणी ना कुणी मिटवायला बसलेलं असायचं. पेन, बाक, टोपणनावं, डब्यातली चोरलेली चटणी. अंजना नियम पाळायची, तिकडं जायची नाही. वर्गाच्या खिडकीतून तिला लांबून दिसायचं: चौघं बसलीत, काही बोलतायत, मग एक जण उठतो, वाकून दुसऱ्याच्या पाया पडतो, दुसरा त्याला काहीतरी देतो, संपलं. पाया पडणं तिनं शिकवलेलं नव्हतं. पण गावातली मुलं, चांगली वळणाची, असंच तिला वाटलं. मुख्याध्यापक खूश होते. "बाई, माझी छडी गंजायला लागली," म्हणायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी करंजाचं झाड दाखवलं.

सातवीतच दादाभाऊ होता. त्याच्या घरच्यांची मेंढरं होती. बाप म्हस्कू बहुतेक मेंढरांमागंच असायचा. पावसाळाभर ही मंडळी गावाच्या वरच्या माळावर वस्ती करून राहायची आणि दिवाळी झाली की मेंढरं, घोडं, कोंबड्या, पोरं घेऊन घाट उतरून कोकणात जायची. दर वर्षी दादाभाऊची शाळा दिवाळीपर्यंतच व्हायची. तरी तो सातवीपर्यंत आला होता. त्यांच्या घरात इतकं कुणी शिकलं नव्हतं. सावकाश बोलायचा, पण गणित तोंडी करायचा आणि एखादी गोष्ट पटली नाही की "असं कसं, बाई?" म्हणून विचारायचा. असं विचारणारा वर्गात तो एकटाच.

या वर्षी अंजना त्याच्या आईला, चिमाबाईला, जाऊन भेटली होती. "त्याला या वेळी आजीपाशी गावातच ठेवा. दहावीपर्यंत त्याच्याकडे मी बघते."

"बाई, पोरगं एकलं ऱ्हाईल," चिमाबाई म्हणाली होती.

"एकटा कसा? मी आहे ना शाळेत."

चिमाबाईनं म्हस्कूला विचारून हो म्हटलं. अंजनाला तो आपला शब्द वाटायचा. रात्री झोपताना ज्या मुलांची काळजी ती आळीपाळीनं करायची, त्यात आरतीनंतर दादाभाऊच यायचा.

श्रावणानंतर दादाभाऊ वर्गात बिघडल्यासारखा झाला. प्रश्न विचारला की दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा. हाक मारली की भलत्याच दिशेला बघायचा. मुलं हसायची. अंजनानं त्याला दोनदा रागावून पाहिलं, मग पहिल्या बाकावर आणून बसवलं. "असं कसं, बाई?" हे बंदच झालं. एकदा वही तपासताना ती त्याच्या जवळ वाकली, तर आंबूस वास आला. शर्टाच्या कॉलरवर पिवळा डाग वाळला होता.

"कानाला काय झालंय?"

"टाकीवरनं पडलो, बाई."

"कधी?"

"लई दिस झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं चिमाबाईला बोलावून घेतलं आणि तिघं जीपनं मंचरला कानाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी डाव्या कानात बॅटरीचा उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मग हात धुताना विचारलं, "कुणी मारलं याला?"

"पडला, साहेब. टाकीवरनं," चिमाबाई म्हणाली.

"पडून पडदा असा फाटत नाही. कानशिलात उघड्या हाताची बसली की फाटतो. वर आतमध्ये पू झालाय, महिना तरी झाला असेल. तेव्हाच आणायला हवं होतं. आता थेंब घाला, पाणी जाऊ देऊ नका. ऐकू किती येईल ते सांगता येत नाही. फारसं नाही यायचं."

चिमाबाईनं पोराकडे पाहिलं. पोरगं भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होतं. येताना जीपमध्ये अंजना बोटांवर दिवस मोजत होती.

टाकी. महिना. टाकीशेजारी करंजाचं झाड आणि झाडाखाली रोज बसणारी चौघं. अंजना घरी पोचली, तिनं कणीक काढली, पुन्हा डब्यात ओतली. आरती अभ्यास करत होती.

"आरती, दादाभाऊला कुणी मारलं?"

"ते मिटलंय."

"काय मिटलंय?"

"आई, मिटलेलं बाहेर सांगायचं नसतं. आणि उकरायचं पण नसतं. तूच शिकवलंस."

"मी विचारतेय."

"तू आत्ता बाई आहेस का आई आहेस?"

अंजना खाली मुलीसमोर बसली. आरतीनं पेन्सिलीचं टोक वहीत रुतवलं.

"सुदर्शननं मारलं," ती म्हणाली. सुदर्शन म्हणजे हौशीरामभाऊंचा मुलगा. "हजेरीला दादाभाऊचा नंबर आला की ते मागच्या बाकावरचे बॅऽऽ करतात ना."

"कधी करतात? मी हजेरी घेते, मला कसं ऐकू येत नाही?"

"तू घेतेस तेव्हा हळू करतात. इतिहासाच्या सरांच्या तासाला जोरात. सर पण हसतात. मग दादाभाऊ म्हणाला, मी बाईंना सांगणार. म्हणून सुदर्शननं टाकीमागं नेऊन ठेवून दिली. मग आम्ही मिटवायला बसलो. मी आणि संपत."

"दादाभाऊ काय बोलला?"

"काही नाही. तो कान धरून बसला होता. रक्त येत होतं थोडं. सुदर्शन म्हणाला, गंमत केली, एवढं काय. मग संपतनं विचारलं, धाकटं कोण?"

"म्हणजे?"

"असं आधी विचारायचं असतं. भैरोबाच्या पारावर मोठी माणसं मिटवायला बसतात ना, ती पण विचारतात. संपतनं पाहिलंय. जो धाकटा असेल त्यानं उठायचं, पाया पडायचं. मग दुसऱ्यानं त्याला काहीतरी खायला द्यायचं. मग मिटतं."

"दादाभाऊ सुदर्शनपेक्षा मोठा आहे, आरती. वर्षानं मोठा आहे."

आरतीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू आईला साधी गोष्ट कळत नाही. "वयाचं नसतं ते."

"प्रत्येक वेळी असंच मिटवता?"

"हो. लगेच मिटतं."

अंजनाला खिडकीतून पाहिलेलं सगळं आठवायला लागलं. उठणारी मुलं, वाकणारी मुलं. तिनं शिकवलेलं सगळं मुलांनी नीट पाळलं होतं. मध्ये बोलत नव्हती, आरडाओरडा करत नव्हती, बाहेर सांगत नव्हती. फक्त ऐकून घ्यायच्या आधीच ती धाकटं कोण ते ठरवून मोकळी होत होती, आणि ते ठरवायला त्यांना विचारही करावा लागत नव्हता. गावात चालायला शिकता शिकता ते शिकून झालं होतं.

"सुदर्शननं काय दिलं त्याला?"

"अर्धा पेरू."

"आणि टाकीवरून पडलो म्हणून सांगायचं, हे कुणी ठरवलं? सुदर्शननं?"

आरतीनं वही मिटली. मग म्हणाली, "मी."

अंजनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दादाभाऊच्या आईनं विचारलं असतं. मग तुला कळलं असतं. तू तक्रार केली असतीस. मग सुदर्शनच्या वडिलांना राग आला असता, आणि जूनमध्ये तुझ्या जागी दुसरी बाई..." तिचा आवाज फुटला. "तू रोज रात्री तेच बोलतेस ना बाबांशी!"

त्या दिवशी, रक्त पाहून घरी आल्यावर, आरती काय जेवली होती, ते अंजना आठवायला लागली. काही केल्या आठवेना. म्हणजे रोजच्यासारखीच जेवली असणार. अभ्यास केला असणार, वेणी घालून घेतली असणार, शेजारी झोपली असणार. तिनं मुलीला जवळ घेतलं.

सकाळी ती मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"बाई, हे तुमच्याच झाडाखाली मिटलंय ना?"

"ते मिटणं खरं नव्हतं, सर."

"आणि खोटं सांगायला सुचवलं कुणी? तुमच्याच मुलीनं. हे सगळं बाहेर काढायचंय तुम्हाला?"

"हो," अंजना म्हणाली.

दुपारी हौशीरामभाऊ आले. वाईट माणूस नव्हता. अंजनाला "बसा, बाई" म्हणाले, चिमाबाईलाही खुर्ची द्यायला सांगितली. ती बसली नाही, दारापाशीच उभी राहिली. दादाभाऊ तिच्या शेजारी. सुदर्शनला वर्गातून आणलं. हौशीरामभाऊंनी एक शब्द न विचारता त्याच्या कानफटात वाजवली. आवाज एवढा झाला की दादाभाऊनं आपलाच कान झाकला.

"झालं?" हौशीरामभाऊ म्हणाले. "दवाखान्याचं सगळं माझ्याकडं. पोरं हायेत, हात उचलत्यात. चिमाबाई, तुमचं काय म्हननं?"

"आमचं काय न्हाई, भाऊ. मिटलं."

मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास सोडला. अंजना उठून उभी राहिली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला तेव्हा कळलं. "मिटलेलं नाही! दादाभाऊचं म्हणणं अजून कुणी ऐकलेलंच नाही. करंजाखाली नाही ऐकलं आणि इथंही नाही."

"मग ऐकू की," हौशीरामभाऊ शांतपणे म्हणाले. "बोल रं, पोरा. काय म्हननं हाय तुझं?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. चेअरमन, मुख्याध्यापक, गाल लाल झालेला सुदर्शन. दादाभाऊनं नीट ऐकू यावं म्हणून मान वळवली आणि तो आईकडे बघू लागला. आई जमिनीकडे बघत होती.

"बोल की. कुनी खात न्हाई तुला."

"काय न्हाई," दादाभाऊ म्हणाला.

"बघा, बाई." हौशीरामभाऊंनी चप्पल घातली. दारातून बाहेर पडताना चिमाबाईला म्हणाले, "मेंढरं अजून आठवडाभर बसू द्या वरच्या रानात. कांद्याला खत बरं पडतंय."

तेव्हा कुठं अंजनाला कळलं, की कांद्याच्या लागणीआधी ज्या रानात म्हस्कूची मेंढरं खतासाठी बसलेली होती, ते रान हौशीरामभाऊंचं होतं.

फाटकापाशी चिमाबाईनं तिला थांबवलं. रागावली नव्हती, त्याचंच अंजनाला जास्त लागलं. "बाई, मिटलं व्हतं ते खोटं मिटलं व्हतं, ते मलाबी कळतंय. पन तुमी सांजच्याला जीपनं जाता. आमाला ह्याच रानातनं मेंढरं न्यायची असत्यात. उद्या कुनी बांधावर पाय ठिवू दिला न्हाई तर?"

"मी बघेन त्याच्याकडे, चिमाबाई. मी शब्द दिला होता."

"व्हय," चिमाबाई म्हणाली. "दिला व्हता."

दुसऱ्या दिवसापासून दादाभाऊ शाळेत आला नाही.

अंजनानं करंजाखाली बसणं बंद केलं. मुलांना ते आवडलं नाही. "बाई, का बंद? लई झ्याक मिटत व्हतं," संपत म्हणाला. तो मनापासून बोलत होता. मग एका तासाला तिनं पुस्तक मिटून विचारलं, "आतापर्यंत मिटवताना उठून कोण कोण पाया पडलं? हात वर करा. कुणी रागावणार नाही."

हात वर आले. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या साळुबाईची दोन्ही मुलं. वीटभट्टीवर काम करणाऱ्यांचा मुलगा. बाप नसलेली एक मुलगी. तोतरं बोलणारा एक. ज्यांना एकदाच उठावं लागलं होतं असं त्यांत कुणीच नव्हतं, सगळे तेच ते होते. ज्यांनी कधीच हात वर केला नाही, ती मुलं मागं वळून मोजल्यासारखं बघत होती आणि त्यांना त्यात काही नवल वाटत नव्हतं.

"आणि चूक कुणाची होती?" अंजनानं विचारलं.

तोतऱ्या मुलाला बोलायला वेळ लागला. "त-ते कुनी इ-इचारलंच न्हाई, बाई."

मुख्याध्यापकांनी तिला नंतर बोलावून सांगितलं, की दिवाळीनंतर साहेब पुन्हा यायचे आहेत, झाडाखालचं चालू करा. तिनं नाही म्हटलं. "मग जूनचं जूनमध्ये बघू," ते म्हणाले. अंजनानं घरी नवऱ्याला सांगितलं, पण आरती झोपल्याची खात्री करून, आणि तेही स्वयंपाकघराचं दार लावून. दार लावताना तिला आई आठवली आणि तिनं ते परत उघडलं.

दिवाळी जवळ आली होती. एका रविवारी ती आरतीला घेऊन दादाभाऊला शोधायला निघाली. म्हस्कूनं मेंढरं हौशीरामभाऊंच्या रानातून उठवली होती, आता नदीपलीकडं कुणाच्या तरी कापलेल्या बाजरीत वस्ती होती. दोऱ्यांच्या जाळीचं कुंपण, दावणीला घोडं, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. चिमाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. दादाभाऊ मेंढरांमागं होता. अंजना त्याच्याकडे गेली आणि त्याच्या बरोबरीनं चालायला लागली. आरती चार पावलं मागं राहिली.

अंजनानं सगळं ठरवून आणलं होतं. तुझा बाक माझ्या टेबलाजवळ ठेवते. सुदर्शनला दुसऱ्या तुकडीत हलवायला मी सरांना सांगितलंय. हजेरीला कुणी आवाज काढला तर तिथंच थांबवीन. सातवी पूर्ण कर, मग आठवीला मंचरला घालू, आमच्या घरी राहा. ती बोलत राहिली. दादाभाऊ मान हलवत होता. मधून मधून "व्हय, बाई" म्हणत होता. तिला वाटलं, जमलं.

"सोमवारी येशील ना मग?"

"व्हय, बाई."

ती चुलीपाशी आली तेव्हा चिमाबाईनं भाकरी उलथली. "काय म्हनाला?"

"येतो म्हणाला."

"बाई, तुमी त्याच्या डाव्या अंगानं बोलत व्हता," चिमाबाई म्हणाली. "त्या कानानं त्याला काय बी कळत न्हाई. वारं असलं की अजून न्हाई. कळलं न्हाई की तो आपला व्हय म्हनतो. आमालाबी तसंच म्हनतो."

अंजना तशीच परत फिरली. या वेळी ती वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि थांबली. तोही थांबला. मघाचं एवढं सगळं बोलणं तिला पुन्हा बोलवेना. तिनं एवढंच विचारलं, "दादाभाऊ, तुला शाळेत यायचंय का?"

एक कोकरू बांधाकडे चाललं होतं, त्याला त्यानं तोंडानं आवाज काढून वळवलं.

"न्हाई यायचं, बाई."

"का, ते सांगशील?"

"तितं परत मिटवत्याल."

तिच्या तोंडाशी पुष्कळ उत्तरं आली. आता तसं होणार नाही, मी होऊ देणार नाही, तुझं वर्ष वाया जाईल, तुझं गणित चांगलं आहे. ती सगळी उत्तरं त्यानं पुन्हा मान हलवून ऐकून घेतली असती. या वेळी मान तिनं हलवली.

आरती पुढं आली. तीही वळसा घालून उजवीकडूनच आली. "टाकीचं मी सुचवलं होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

दादाभाऊनं तिच्याकडे पाहिलं. "म्हाईत हाय," तो म्हणाला. असू दे म्हणाला नाही. राग आहे असंही म्हणाला नाही. काठी खांद्यावर आडवी टाकून तो मेंढरांमागं गेला.

चिमाबाईनं दोघींना शेळीच्या दुधाचा चहा दिला. अंजनानं तिला थेंब कसे घालायचे ते पुन्हा सांगितलं: त्याला उजव्या कुशीवर निजवायचं, थेंब आत गेले की तसंच पडून राहू द्यायचं, अंघोळीला तेल लावलेला कापूस. चिमाबाईनं एकेक गोष्ट मागोमाग म्हणून दाखवली. संपल्यावर नवी बाटली कुठं मिळेल, असं तिनं विचारलं. घाटाखाली कुठलं गाव लागतं, तिथं औषधाचं दुकान आहे का, हे अंजनाला माहीत नव्हतं. तिनं पर्समधली दुसरी बाटली काढून दिली.

फाट्यावर दोघी जीपची वाट बघत उभ्या राहिल्या. आरतीचं नाक लाल झालं होतं.

"आई, दिवाळीची सुट्टी संपली की परत विचारू या त्याला?"

"सुट्टी संपेपर्यंत ते घाटाखाली पोचलेले असतील," अंजना म्हणाली. लांबून जीप येताना दिसली, तसा तिनं हात वर केला.